काउइचन नदी : ट्यूबिंग आणि सॅल्मन एकाच फेरीत?

तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरहून मुलांना घेऊन व्हँकुव्हर बेटावर जायचं, सकाळी काउइचन नदीत हवा भरलेल्या ट्यूबवर तरंगायचं आणि दुपारी सॅल्मन मासा धरायचा, हे जमेल का. नाही जमणार. दोन फेऱ्या करा.

सगळं पाण्यावर अवलंबून आहे. लेक काउइचन गावात तळ्याच्या तोंडाशी 1950 च्या दशकातला बंधारा आहे. उन्हाळ्यात नदीला पाणी मिळतं ते तिथूनच. सेकंदाला 7 घनमीटर असं मान ठरलेलं आहे, पण कोरड्या वर्षी तेवढंही पुरवता येत नाही. जुलै 2023 मध्ये पाणी असंच कमी नि कोमट असताना नदीत माशांची हजारो पिल्लं मेली. उन्हाळ्यात पाणी असं कमी असल्याने ऑगस्टअखेर आलेला चिनूक (सॅल्मनची एक जात) खाली नदीच्या मुखाशी, काउइचन बे या खाडीतच पावसाची वाट बघत थांबतो. पाऊस लागला की सप्टेंबर-ऑक्टोबरात वर चढतो. मागोमाग कोहो, नोव्हेंबरात चम; ह्याही सॅल्मनच्याच जाती. स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट, हिवाळ्यात.

ट्यूबिंगला मात्र ऑगस्ट छान. गावात बंधाऱ्याखाली पाण्यात उतरा, लिटल बीचला बाहेर या; दोन-तीन तास लागतात. ही जागा चुकवू नका. पुढे बाहेर पडायच्या वाटा कमी, आणि खाली स्कट्झ फॉल्स हा धबधबा नि मेरी कॅन्यन ही घळ आहे. तिथे ट्यूबचं काम नाही. मुलांना लाइफ जॅकेट हवंच. चप्पल नको, पट्ट्याचे बूट घाला. ट्यूब एकमेकींना दोरीने बांधू नका: पडलेल्या झाडात दोरी अडकते, पाणी फांद्यांमधून निघून जातं आणि माणूस तिथेच दाबला जातो. झाड लांबून दिसलं की लगेच हातांनी वल्हवून बाजूला व्हा.

मासेमारीसाठी ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं गोड्या पाण्याचं लायसन्स काढा; सॅल्मन घरी न्यायचा असेल तर लायसन्सवर सॅल्मन स्टॅम्प नावाची वेगळी परवानगीही लागते. कुठली जात कधी खुली, हे हंगामात मध्येच बदलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी फिशरीज खात्याची सूचना वाचाच. वरच्या पट्ट्यात फक्त फ्लाय, म्हणजे किड्यासारखं बनवलेलं खोटं आमिष, चालते. गळ एकेरी आणि टोकाजवळ उलटा काटा नसलेला हवा. असेल तर पकडीने तो काटा पूर्ण दाबा, मग गळ जुन्या कापडात टोचून ओढा. धागा अडकला तर पुन्हा दाबा.

मासा हाती आला की हात ओले करा, त्याला पाण्यातच ठेवा आणि हिरड्या बघा. काळ्या हिरड्या आणि शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके म्हणजे चिनूक. पांढुरक्या हिरड्या आणि ठिपके फक्त वरच्या पाकळीवर, तर कोहो. नियम जातीप्रमाणे वेगळे असल्याने इथली चूक महागात पडते.

उथळ पाण्यात शेवाळी गोट्यांमध्ये एखादा लांबट पट्टा स्वच्छ, फिकट दिसला तर तिथे पाय अजिबात ठेवू नका. मादीने शेपटीने खडे उलटून त्याखाली अंडी पुरलेली असतात, आणि बुटाखाली ती चिरडतात.

मुलांना नुसतं दाखवायचं असेल तर ऑक्टोबरात, चांगला पाऊस होऊन गेल्यावर, स्कट्झ फॉल्सला न्या. काठावर उभं राहूनच उड्या मारणारे मासे दिसतात. खडक निसरडे असतात, मुलांचा हात सोडू नका.