माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर धुऊन काढावा का?

नका धुऊ, अगदी कळकळीने सांगते.

तुम्ही विचारलंय की टाकी साफ करताना मासे हातात घेतले की बुळबुळीत लागतात, तो चिकटा चोळून काढला तर चालेल का. आणि मागच्या वेळी नळाखाली धुतलेले मासे तीन-चार दिवसांनी का मेले. दोन्हींचं उत्तर एकच आहे. तो चिकटा म्हणजे माशाने स्वतः तयार केलेला श्लेष्मा, आणि रोगापासून त्याला वाचवणारी पहिली गोष्ट तीच. मी मत्स्यबीज केंद्रावर काम करते. रोहू, कटला, मृगळ या माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पकडायची, मोजायची, पिशव्यांत भरून तलावांवर पाठवायची, हे आमचं काम. त्यात सगळ्यात जास्त जपावं लागतं ते या थराला.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, कोरड्या पेशींचा असतो, म्हणून साबण लावून खसाखसा घासलं तरी काही बिघडत नाही. माशाची त्वचा मात्र अगदी वरपर्यंत जिवंत असते. खवले सगळ्यात बाहेर असतात असं बहुतेकांना वाटतं, पण खवल्यांवरूनही एक पातळ, जिवंत पापुद्रा पसरलेला असतो. श्लेष्मा पाझरणाऱ्या पेशी त्याच पापुद्र्यात असतात. म्हणजे कोरड्या हाताने मासा घट्ट धरून चोळला की नुसता चिकटा निघत नाही, खालची त्वचाही खरवडली जाते. खवला उपटला गेला तर ती सरळ सरळ जखमच.

पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात जिवाणू, बुरशीचे बीजाणू, बारीक परजीवी असतातच. ते अंगावर येऊन बसतात ते या चिकट थरात, आणि तो थर सतत सुटून पाण्यात जात असतो, खालून नवा येत असतो. बसलेले जंतू त्याच्याबरोबर निघून जातात. शिवाय श्लेष्म्यात जंतू मारणारी द्रव्यंही असतात: प्रतिपिंडं असतात, लायसोझाइम असतं. हे लायसोझाइम जिवाणूंची भिंत फोडतं. ते शोधलं अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी, पेनिसिलिनच्याही आधी, आणि सापडलं कुठे तर सर्दी झालेली असताना त्यांच्या स्वतःच्याच नाकातल्या शेंबडात. 1922 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तेव्हा तुमच्या नाकातल्या ओलाव्यात जे द्रव्य तुमची राखण करतं, तेच माशाच्या सबंध अंगावर पसरलेलं असतं.

दुसरं काम मिठाच्या तोलाचं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात आजूबाजूच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त क्षार असतात. त्यामुळे पाणी सारखं आत शिरू पाहतं आणि क्षार बाहेर झिरपू पाहतात. जास्तीचं पाणी मूत्रपिंडं उपसत असतात. त्वचा आणि तिच्यावरचा थर धड असेल तर हे काम माशाला पेलतं. मोठा भाग खरवडला गेला की झिरपणं वाढतं आणि आधीच घाबरलेला मासा थकत जातो.

जाळ्यात घासली गेलेली बोटुकली पहिल्या दिवशी ठणठणीत दिसते, पोहते, खातेसुद्धा. पण पाण्यातच उजेडासमोर तिरकी होऊ दिली की कळतं: सगळं अंग चकाकतंय आणि पाठीवर किंवा शेपटीच्या बुंध्याशी एक पट्टा मात्र मंद, निस्तेज. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नेमक्या त्याच पट्ट्यावर कापसासारखे पांढरे तंतू उगवतात. ही सॅप्रोलेग्निया बुरशी. धड त्वचेवर तिला सहसा थारा मिळत नाही, खरवडलेल्या जागी लगेच मिळतो. तुमचे मासे तीन-चार दिवसांनी का गेले याचं हे बहुधा कारण असावं. त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन थेट कल्ल्यांवर गेलं असेल, तर तो दुसरा घाव.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: श्लेष्मा अचानक वाढला तर तेही वाईट. पाण्यात अमोनिया वाढला, परजीवी लागले, औषधाचा डोस जास्त झाला, की मासा भराभर श्लेष्मा सोडतो. अंगावर दुधट साय आल्यासारखी दिसते. तोच कल्ल्यांवर साचला की पाण्यातला प्राणवायू घेता येत नाही आणि मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो. अशा वेळी मासा पुसायचा नसतो, पाणी बदलायचं असतं. आम्हीही पाठवणीच्या आधी बोटुकली काही काळ हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात, उपाशी ठेवतो, ते याचसाठी: विष्ठा आणि घाबरून सोडलेला श्लेष्मा तिथेच निघून जावा, पिशवीतलं पाणी त्याने खराब होऊ नये.

हा थर किती कामाला येतो हे पाहायचं तर आपला मरळ बघा. बाजारात तो पाण्याबाहेर तासन् तास जिवंत असतो. हवेतून श्वास घेता येतो हे एक कारण, आणि या जाड चिकट्यामुळे अंग लवकर सुकत नाही हे दुसरं. प्रवाळांत राहणारे काही पोपटमासे तर रात्री झोपताना स्वतःभोवती श्लेष्म्याचा पारदर्शक कोष करतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे कोष काढून टाकल्यावर 94 टक्के माशांवर रक्त पिणाऱ्या बारीक परजीवींनी हल्ला केला. कोषातल्या माशांपैकी फक्त 10 टक्क्यांवर. ॲमेझॉन खोऱ्यातला डिस्कस मासा आपल्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस अंगावरच्या श्लेष्म्यावरच वाढवतो, टाकीतसुद्धा हे दिसतं, आणि माझ्या मते एकदा तरी बघावंच असं आहे.

आता तुमच्या टाकीचं. साफसफाईसाठी मासे बाहेर काढूच नका. तिसरा हिस्सा पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन काढलेलं असू द्या, काचा आतून पुसा. काढावाच लागला तर मऊ, बिनगाठीच्या ओल्या जाळीने, आणि हात लावणार असाल तर हातही आधी ओले करून. दुकानात ‘श्लेष्मा वाढवणारी’ द्रावणं मिळतात. पाणी चांगलं असेल तर त्यांची गरज मला तरी कधी भासलेली नाही. मासा घासला गेलाच असेल तर वेगळ्या टाकीत दहा लिटरला 20 ते 30 ग्रॅम जाडं मीठ, आधी विरघळवून, थोडं थोडं करून घाला. त्याने क्षारांची गळती कमी होते आणि बुरशीलाही आळा बसतो. लोच किंवा बिनखवल्यांचे मासे असतील तर अर्ध्यापासून सुरुवात करा, आणि पाणवनस्पतींच्या टाकीत मीठ नकोच. या टाकीत हलवताना मासा जाळीत न घेता पाण्यासकट भांड्यात घ्या, म्हणजे आधीच खरवडलेल्या जागेला पुन्हा काही घासणार नाही.