टर्कीसाठी धनुष्य कोणतं घेऊ?

प्रश्न: मी अमेरिकेतल्या मिसुरीत राहतो, यंदा स्प्रिंग सीझनला, म्हणजे वसंतातल्या शिकारीच्या हंगामात, बाणाने जंगली टर्की (मोठा रानपक्षी) मारायचीय, 70 पाउंड ताणाचा कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घेऊ का?

उत्तर: अहो, एवढा कशाला, 45-50 पाउंड भरपूर झाले. टर्कीची नजर भयंकर तीक्ष्ण, जरा हललात की ती पळालीच, म्हणून बो ताणून बराच वेळ स्थिर धरता आला पाहिजे. ब्रॉडहेड म्हणजे बाणाचं धारदार टोक रुंद पात्याचं लावा, पण मर्माची जागा जेमतेम मुठीएवढी असते त्यामुळे 20 यार्डांपलीकडे मारूच नका, जखमी पक्षी रानात तडफडत राहणं मला तरी बघवत नाही. ब्लाइंड म्हणजे लपायचा तंबू घ्याच, आत काळे कपडे घाला. लाल, पांढरं, निळं अजिबात नको, नराच्या डोक्याचे तेच रंग, दुसरा शिकारी फसेल. आणि शिकारीचं परमिट आधी काढा.