वर्षाच्या आतली दिवाळी

प्रश्न : यंदा ज्येष्ठात माझ्या यजमानांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. ते ६१ वर्षांचे होते. घरी आता ८३ वर्षांच्या सासूबाई, मी आणि नोकरी करणारा मुलगा असे तिघेच आहोत. मुलीचे लग्न गेल्या माघात झाले, म्हणजे यंदा तिचा दिवाळसण आहे. आकाशकंदील यजमान स्वतः घरी करत असत. त्याचा कामट्यांचा सांगाडा माळ्यावर ठेवलेला आहे, दरवर्षी ते त्याला नवा पतंगी कागद चिकटवत. मुलगा म्हणतो, बाबांचा कंदील मी लावणारच. सासूबाई म्हणतात, वर्षाच्या आत या घरात कढई चढणार नाही आणि कंदीलही लागणार नाही. मुलगी विचारते, "दिवाळसण नको, मी नुसती येऊ का?" अभ्यंगस्नानाच्या वेळी मी कोणाला ओवाळू नये, असे शेजारच्या एका बाईंनी आत्ताच सांगून ठेवले आहे. पाडव्याचा दिवस कसा जाईल या विचाराने मला झोप लागत नाही. रीत नेमकी काय आहे आणि मी काय करावे?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : आधी रीतीचे पाहू. सुतक १० दिवसांचे असते आणि ते तुमच्या घरी केव्हाच फिटले आहे. त्यानंतर वर्षभर सण न करणे ही रूढी आहे आणि ती घराण्यागणिक, गावागणिक बदलते. कोठे वर्षश्राद्धापर्यंत गोडधोड होत नाही, तर कोठे पहिल्या सणाला जवळचे नातेवाईक कपडे आणि गोड पदार्थ घेऊन येतात, घरातल्यांना आग्रहाने दोन घास खायला लावतात आणि तेथेच दुखवटा काढतात. त्यामुळे सासूबाई सांगतात ते चूक नाही आणि मुलगा म्हणतो तेही रीतीला सोडून नाही.

कढई न चढवण्याच्या रूढीचा एक अर्धा भाग आपण विसरत चाललो आहोत, तो असा की, ज्या घरात दुःख झाले त्या घराने तळण करायचे नाही आणि भोवतालच्या घरांनी ते पोचवायचे. मी महाविद्यालयात असताना भाद्रपदात माझे वडील गेले. त्या दिवाळीत आमची कढई फळीवरून खाली आली नाही, पण धनत्रयोदशीच्या संध्याकाळपर्यंत ओट्यावर नऊ डबे जमले होते. एकीच्या चकल्या मऊ पडलेल्या होत्या, एकीच्या करंज्या फुटून सारण डब्याच्या तळाशी सांडले होते, आणि तरीही आई प्रत्येक डब्यातले थोडे थोडे काढून आम्हा भावंडांच्या ताटलीत वाढत होती. डबा रिकामा परत करू नये म्हणून तिने नऊही डब्यांत चमचा चमचा साखर घातली आणि मला ते पोचवायला पाठवले. वडील गेल्यानंतर शेजाऱ्यांच्या दारात मी प्रथमच उभी राहिले ती त्या साखरेच्या निमित्ताने. आजकाल बंद दारांच्या इमारतींतून फराळ पाठवावा की नाही, त्यांना आवडेल की नाही, या संकोचात लोक गप्प राहतात. म्हणून तुम्हीच जवळच्या दोघीतिघींना मोकळेपणाने सांगा की, यंदा आमच्याकडे तळण नाही, तुमच्याकडचे थोडे पाठवा. ज्यांना तुमच्यासाठी काहीतरी करावेसे वाटते पण सुचत नाही, त्यांची त्याने सोय होईल.

तुमच्या पत्रातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे. सासूबाई तुमच्या घरातल्या रीतीच्या राखणदार आहेत असे तुम्हाला वाटते आहे, परंतु त्या त्याआधी एक आई आहेत आणि ८३ व्या वर्षी त्यांचा मुलगा गेला आहे. "मला तो कंदील बघवणार नाही" हे वाक्य त्यांच्या पिढीतल्या बाईला सहज उच्चारता येत नाही, "रीत नाही" हे उच्चारता येते. रूढीचा हा एक मोठा उपयोग आहे, कारण तिच्या आडून माणसाला कारण न सांगता नकार देता येतो. तेव्हा शास्त्र काढून त्यांच्याशी वाद घालू नका आणि मुलालाही घालू देऊ नका. एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसून एवढेच विचारा की, तुम्हाला काय सोसवेल आणि काय सोसवणार नाही. कदाचित दारातल्या पणत्या त्यांना चालतील आणि कंदील चालणार नाही, किंवा उलटही असेल. उत्तर त्यांच्याकडून येऊ द्या.

मुलाने मात्र एवढे जाणून घ्यावे की दिवाळी मृत्यूला घराबाहेर ठेवणारा सण नाही. धनत्रयोदशीला संध्याकाळी दक्षिणेकडे ज्योत करून कणकेचा दिवा लावतात तो यमासाठी, चतुर्दशीला यमतर्पण सांगितले आहे, आणि पितृपक्षात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून उल्का, म्हणजे पेटते पलिते, दाखवण्याचा विधी धर्मग्रंथांत याच दिवसांत येतो. भाऊबीजेचे नावही यमद्वितीया आहे. यंदा इतर काही केले नाही तरी यमदीपदान मुलाने अवश्य करावे. तो कणकेचा दिवा त्याने स्वतःच्या हाताने वळावा आणि शक्य असेल तर आजीला शेजारी बसवून वळावा.

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान मोडू नका. तेल आणि उटणे हा थाटमाट नसून शरीराची काळजी आहे, आणि तुमच्या घरातल्या तिन्ही शरीरांना ती गेल्या काही महिन्यांत फारशी मिळाली नसणार. त्या पहाटे सासूबाईंना पाटावर बसवून तुम्ही त्यांच्या डोक्याला कोमट तेल चोळा. इतकी वर्षे त्यांनी मुलाला असेच पाटावर बसवले असेल, तेव्हा कदाचित त्या रडतील. रडू द्या, घाईने पाणी घालू नका.

ओवाळण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. मुलाला तुम्हीच ओवाळा आणि मुलगी-जावई आले तर त्यांनाही ओवाळा. पती गेला म्हणून आईच्या हातातले निरांजन अशुभ होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांना अपमानित करणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. शेजारच्या बाईंशी भांडण्याचे कारण नाही. पण त्या दिवशी ताट तुमच्याच हातात असावे, हे मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी तुमचा हात मागे सरणार नाही.

दिवाळसण यंदा नको. तो पुढच्या वर्षीही करता येतो. मुलीच्या सासूबाईंना तुम्ही स्वतः फोन करून सांगा की, यंदा मानपान आमच्याकडून होणार नाही, पण लेकीला चार दिवस पाठवा. त्यांच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधत झुरण्यापेक्षा हा फोन सोपा आहे. मुलीनेही माहेरी पाहुणी म्हणून येऊ नये, तिने तुमच्या खोलीत झोपावे.

पाडव्याला पर्याय शोधू नका, असे मला मनापासून वाटते. ती ओवाळणी ज्याची होती त्याची होती, तेथे दुसरे कोणी बसवून ती जागा भरत नाही. फक्त ती वेळ कशी जाईल हे आधी ठरवून ठेवा, कारण न ठरवलेली संध्याकाळ फार लांबते. त्यांच्या पाटापुढे रांगोळीची एक रेघ काढून दिवा लावावासा वाटला तर लावा. घरात थांबवले नाही, तर मुलीला घेऊन देवळात किंवा नुसते चालायला जा. झोपेविषयी मात्र हयगय नको. झोप आणि अन्न दोन्ही आठवडेच्या आठवडे तुटलेली असतील, तर तुमच्या डॉक्टरांना सांगा. १४४१६ या शासनाच्या टेलिमानस (मानसिक आरोग्य मदत) क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

भाऊबीजेला तुमच्या यजमानांच्या बहिणीची आठवण ठेवा. त्यांना बहीण आहे की नाही, ते तुमच्या पत्रात आलेले नाही. असेल तर पहिल्या वर्षी तिच्या हातातले ताट कोणासाठी, हा प्रश्न कोणी विचारतही नाही. तिला बोलवा. भाऊ नसलेल्या बहिणी चंद्राला ओवाळतात, तसे तिला करायचे असेल तर तिला सूर्यास्तालाच गच्चीवर घेऊन जा, कारण द्वितीयेची कोर फार वेळ थांबत नाही.

राहिला कंदील. कोजागिरीच्या सुमारास सांगाडा माळ्यावरून उतरवा, म्हणजे तो ऐन दिवाळीत एकदम डोळ्यांपुढे येणार नाही. कामट्यांवर गेल्या वर्षीच्या कागदाचे आणि खळीचे तुकडे राहिले असतील, ते ओल्या फडक्याने तुम्ही दोघांनी पुसून काढा. सासूबाई तेथे आल्या तर कागदाचा रंग त्यांना विचारा, आल्या नाहीत तर बोलावू नका. त्यांनी हो म्हटले, तर कंदील नेहमीच्या खिळ्याला लागेल. नाही म्हटले, तर मुलाने तो आपल्या खोलीच्या खिडकीत आतल्या बाजूने लावावा आणि आजी झोपेपर्यंत खोलीचे दार लोटून ठेवावे.