सनद, मसनद आणि जुन्या कोडवरचं लायसन्स

प्रश्न असा आलाय की नव्वदच्या दशकातल्या सी कोडच्या फाइलींवर अगदी डोक्यावर चार-पाच ओळींची एक अजब परवानगी लिहिलेली असते, नेहमीच्या कुठल्याच लायसन्सशी ती जुळत नाही, तर तिला मराठीत परवाना म्हणायचं, परवानगी म्हणायचं की अनुज्ञप्ती?

परवाना, परवानगी दोन्ही फारसी, अर्थ सगळ्यांना ठाऊक, सोडून देऊ. अनुज्ञप्ती आरटीओच्या फॉर्मवर राहू दे, परिभाषावाल्यांनी कितीही रेटला तरी तो शब्द लोकांच्या तोंडी बसलेला नाही आणि बसणारही नाही. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. असली ओळ दिसली रे दिसली की लोक ‘एमआयटी टाइप आहे’ म्हणून मोकळे होतात (एमआयटी हे फार थोड्या अटींचं एक प्रसिद्ध लायसन्स), आणि ओळच नसली तर ‘बेवारस आहे, घ्या बिनधास्त’. अहो, बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही तो. कॉपीराइट लिहिताक्षणी लागू होतो, आपल्याकडे तर लेखक गेल्यावरही ६० वर्षं टिकतो, मग कोड बेवारस झाला कधी?

माझं ठाम मत, या ओळींना सनद म्हणा. अरबी स-न-द धातू, अर्थ टेकणं, आधार घेणं. ज्यावर टेकून हक्क सांगायचा तो कागद म्हणजे सनद, आणि आपली मसनद, बैठकीवरचा तो लोड, तीही याच धातूची, पाठ टेकायची जागा! याहून सुंदर म्हणजे हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, परंपरेत सनद म्हणतात ती कुणी कुणाकडून ऐकलं त्या नावांच्या साखळीला, साखळी तुटली की वचन कच्चं धरतात. जुन्या फाइलीचं नेमकं तेच आहे, मुळात लिहिली कुणी, तिथून उचलून दुसऱ्या प्रोजेक्टात टाकली कुणी, मधे एखादी ओळ खोडली का, हे लावल्याशिवाय लायसन्स ओळखलं असं म्हणताच येत नाही. ‘सनद म्हणजे चार्टर, लायसन्स नव्हे’ असं शिकवणाऱ्यांनी बार कौन्सिल वकिलाला जी सनद देते ती काय असते ते आधी सांगावं.

आणि सनदेत एकेका शब्दाला किंमत असते. वॉशिंग्टन विद्यापीठाचा पाइन हा ईमेल प्रोग्राम घ्या, त्याच्या जुन्या लायसन्सात वापरा, कॉपी करा, बदला आणि वाटा अशी परवानगी होती. सगळ्यांनी सरळ अर्थ घेतला. पुढे विद्यापीठ म्हणालं, बदलायला परवानगी आहे, वाटायलाही आहे, पण बदललेलं वाटायला नाही! एका ‘आणि’वरून हा घोळ, डेबियन या लिनक्स वितरणाने पाइन नॉन-फ्रीमध्ये, म्हणजे मुक्त नसलेल्यांच्या विभागात, टाकलं. हा अर्थ ओढूनताणून काढलेला आहे असंच मला वाटतं, पण आयएससी या सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेने २००७ मध्ये आपल्या लायसन्सात ‘आणि’च्या जागी ‘आणि/किंवा’ घातलं ते काही उगाच नाही.

म्हणूनच ‘एमआयटी टाइप’ चालत नाही. एक्स विंडो या युनिक्सवरच्या ग्राफिक्स प्रणालीच्या काळातल्या कितीतरी नोंदी दिसायला पाइनसारख्याच, पण त्यात ‘विका’ हा शब्द जादा असतो, आणि तेवढ्या एका शब्दासाठी लायसन्सांना ठरावीक नावं देणाऱ्या एसपीडीएक्सच्या यादीत एचपीएनडी या जुन्या धाटणीच्या लायसन्साहून वेगळं एचपीएनडी-सेल-व्हेरियंट हे नाव ठेवलंय. यादीशी जुळवताना स्पेस, कॅपिटल-स्मॉल यातला फरक सोडून देतात, शब्द मात्र सहसा सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

तुमच्या फाइलीचं म्हणाल तर आधी क्रियापदं मोजा, ‘विका’ आहे का बघा, मग एचपीएनडीच्या कुटुंबात ताडून पाहा. कशाशीच जुळली नाही तर लायसन्सरेफ, ही यादीबाहेरच्या लायसन्साची खूण, लावून स्वतःचं नाव द्या, पण मूळ मजकूर जसाच्या तसा सोबत ठेवा, त्याचा सारांश करू नका.