उडीनंतर माझ्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकचा मागचा भाग वर उसळतो. मागे अधिक कडक स्प्रिंग बसवावी का?

आपला ट्रक 1/10 मापाचा, विजेवर व चारही चाकांवर चालणारा आहे, उडी मारून उतरला की त्याचा मागचा भाग वर फेकला जातो आणि काही वेळा तो नाकावर पडून उलटतो, असे आपण लिहिले आहे. कडक स्प्रिंग बसवू नये, निदान आत्ता तरी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण सांगितलेले लक्षण स्प्रिंगचे नसून शॉकमधल्या, म्हणजे धक्का शोषणाऱ्या नळीतल्या, तेलाचे आहे, आणि स्प्रिंग कडक केली तर ही उसळी कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक आहे.

स्प्रिंगचे काम गाडीचे वजन पेलण्याचे आहे. ती दाबली गेली की ऊर्जा साठवते आणि मोकळी झाली की जवळजवळ तेवढीच परत देते. ही परतफेड किती वेगाने व्हावी, हे मात्र शॉकमधले सिलिकॉन तेल ठरवते, कारण पिस्टनच्या बारीक छिद्रांतून ते ढकलले जाताना त्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत जिरतो. आपल्या ट्रकच्या मागच्या शॉकमध्ये हे जिरणे पुरेसे होत नसावे.

तेल बदलण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. शॉकचे खालचे स्क्रू काढून प्रत्येक आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, वर उचलावा आणि सोडावा. तो स्वतःच्या वजनाने अलगद खाली पडला पाहिजे. मध्येच अडकत असेल, तर तो ज्या पिनभोवती फिरतो ती वाकलेली आहे किंवा भोकात माती बसली आहे, आणि तोवर तेलाची कोणतीही जुळणी निरर्थक आहे. नंतर शॉकवरची स्प्रिंग उतरवून रॉड (पिस्टनची दांडी) सावकाश आतबाहेर करावा. पूर्ण हालचालीत प्रतिकार सारखा लागायला हवा. मध्येच हात एकदम हलका पडला किंवा पचपच असा आवाज आला, तर आत हवा शिरली आहे.

माझ्या स्वतःच्या ट्रकला नेमका हाच त्रास होता. मी दोनदा स्प्रिंग बदलल्या आणि दोन्ही वेळा उसळी वाढली. अखेर मागचा डावा शॉक उघडला, तेव्हा रॉडभोवतीची ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) झिजून जवळजवळ अर्धे तेल निघून गेल्याचे दिसले. बाहेरच्या बाजूला फक्त धूळ चिकटलेली ओलसर कड होती, ती मी कित्येक दिवस पाहत होतो आणि तिचा अर्थ लावला नव्हता. आपणही रॉडच्या मुळाशी अशी ओल आहे का, ते आधी पाहावे.

तेल भरताना शॉक उभा धरावा, रॉड पूर्ण खाली ओढावा, काठोकाठ तेल ओतावे आणि पिस्टन पृष्ठभागाबाहेर येऊ न देता हळूहळू वरखाली करावा. पिस्टनखाली अडकलेले बुडबुडे एकेक करून वर येतात. दहा मिनिटे शॉक तसाच उभा ठेवला की उरलेलेही निघून जातात. टोपी लावताना रॉड किती आत असावा, हे शॉकच्या रचनेवर अवलंबून असते, परंतु डाव्या आणि उजव्या शॉकमध्ये तो सारखाच असला पाहिजे.

आता तेलाची निवड. बाटलीवरचा ‘वेट’ हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा निरनिराळ्या उत्पादकांचा सारखा नसतो, म्हणून तुलना नेहमी सीएसटी (सेंटिस्टोक) या घट्टपणाच्या एककात करावी. या मापाच्या ट्रकला साधारणपणे 300 ते 600 सीएसटीचे तेल चालते. मागे सध्या जे असेल त्याहून 100 सीएसटीने घट्ट तेल घालून पाहावे आणि पुढचे तसेच ठेवावे. बॅटरी बसवलेला ट्रक सुमारे 30 सेंटिमीटर उंचीवरून सपाट जमिनीवर आडवा सोडावा: चेसिस (गाडीचा सांगाडा) जमिनीला जेमतेम टेकून ट्रक एका हालचालीत स्थिर झाला, तर जुळणी योग्य आहे, तो दुसऱ्यांदा उसळला, तर तेल अजून पातळ आहे. ही चाचणी आणि प्रत्यक्ष चालवणे शक्यतो सारख्याच हवामानात करावे, कारण उन्हात तेल पातळ होते.

येथे एक फरक नीट लक्षात घ्यावा लागतो. उडीनंतर नव्हे, तर वेगात लहान लहान खड्ड्यांवरून जाताना मागचा भाग टणटण उडत असेल, तर कारण नेमके उलटे असते. पिस्टन फार वेगाने हलला की बारीक छिद्रांतून तेल वेळेवर वाट काढू शकत नाही, शॉक क्षणभर घट्ट होतो आणि चाकाला बसलेला धक्का थेट चेसिसपर्यंत पोचतो. अशा वेळी मोठ्या छिद्रांचा पिस्टन आणि त्याच्या जोडीला थोडे घट्ट तेल घेतल्यास संथ हालचालीतला प्रतिकार तसाच राहतो, पण वेगवान धक्क्यांना वाट मिळते. मोठ्या उड्यांसाठी मात्र बारीक छिद्रेच उपयोगी पडतात, कारण तेथे हा घट्टपणाच चेसिसला जमिनीवर आपटण्यापासून वाचवतो.

आणखी एक शक्यता आपल्या हातातली आहे. हवेत असताना थ्रॉटल (रिमोटवरचा वेगाचा खटका) सोडला किंवा ब्रेक दाबला, तर चाकांचा वेग घटतो आणि ट्रकचे नाक खाली जाते. मग तो पुढच्या चाकांवर उतरतो आणि मागचा भाग साहजिकच वर येतो. कोणाला तरी बाजूने चित्रीकरण करायला सांगून, ट्रक आडवा उतरतो की नाकावर, हे आधी पाहावे.

शॉकवरची कॉलर (स्प्रिंगला टेकलेली फिरती कडी) फिरवल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज चुकीचा आहे. तिने फक्त गाडीची उंची वाढते आणि चाकांना खाली लोंबायला मिळणारी जागा कमी होते. बॅटरीसह ट्रक उभा असताना आर्म जमिनीला साधारण समांतर राहतील, एवढीच कॉलर फिरवावी. ती शेवटपर्यंत फिरवूनही मागचा भाग खालीच बसत असेल, तरच मी आपल्याला कडक स्प्रिंग घ्यायला सांगेन, आणि ती बसवल्यावर तेल पुन्हा थोडे घट्ट करावे लागेल.