भारताच्या जुन्या तिकिटावर 'एडन'चा शिक्का कसा काय? तिकीट नकली असेल का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या अल्बममधल्या व्हिक्टोरिया राणीच्या अर्ध्या आण्याच्या तिकिटावर 'एडन' असा शिक्का आहे, आणि 'परदेशी शिक्का म्हणजे नकली' असं कुणीतरी सांगितलं. तिकीट न बघता खरं-खोटं ठरवता येणार नाही, पण एडनच्या शिक्क्यावरून ते नकली मुळीच ठरत नाही. एडन म्हणजे अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, आज येमेनमध्ये असलेलं बंदर. 1854 पासून 1937 पर्यंत तिथे भारताचीच तिकिटं चालत होती. टपालाच्या हिशेबात एडन परदेश नव्हताच, मुंबई इलाख्याचा भाग होता.

खरं तर एडन घेण्यामागे टपाल हे एक मोठं कारण होतं. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट 1830 मध्ये टपाल घेऊन सुएझकडे निघाली. तिला वाटेत कोळसा भरायला एडनला थांबावं लागलं. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांपेक्षा हा मार्ग कितीतरी जवळचा. मग कोळशासाठी हक्काचं बंदर हवं झालं आणि जानेवारी 1839 मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन ताब्यात घेतलं. टपालाची सोयही त्याच वर्षी झाली. सुरुवातीला वेगळा पोस्टमास्तर नव्हता, राजकीय कारभार बघणारा कॅप्टन हेन्स तेही काम सांभाळायचा. या हेन्सचं पुढे वाईट झालं. 1854 मध्ये खजिन्यात तूट निघाली म्हणून त्याला मुंबईला बोलावलं. अफरातफरीच्या आरोपातून तो सुटला, पण पैशांसाठी त्याला तुरुंगात डांबून ठेवलं. 1860 मध्ये बाहेर आला आणि काही दिवसांतच मुंबई बंदरात बोटीवर वारला. ज्याने एडन मिळवून दिलं, त्याच्याशी सरकार असं वागलं.

एडन मुंबई सरकारच्या हाताखाली होतं म्हणूनच वासुदेव बळवंत फडक्यांनाही तिथे पाठवलं गेलं. 1883 मध्ये तिथल्याच तुरुंगात त्यांचं निधन झालं. त्या काळात एडनहून घरी पत्र धाडणाऱ्या शिपायाच्या पाकिटावर तुमच्याकडे आहे तसंच तिकीट लागत असणार.

मला सगळ्यात आवडतो तो समुद्रावरच्या पोस्टाचा भाग. 1868 पासून मुंबई-सुएझ बोटींवर टपाल खात्याचे कारकून असत. विलायतेहून आलेल्या थैल्या बोटीवरच फोडायच्या आणि मुंबईला पोचेपर्यंत गावांप्रमाणे पत्रं लावून ठेवायची, म्हणजे उतरल्याबरोबर थैल्या आगगाडीत चढवता येत. पुढे हे काम एडन-मुंबई टप्प्यापुरतं राहिलं. जून-जुलैच्या अरबी समुद्रात, बोट हेलकावे खात असताना पत्ते वाचत बसणं काय असेल! 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि ही व्यवस्था बंद पडली.

1932 मध्ये एडन मुंबईकडून काढून थेट दिल्लीच्या केंद्र सरकारकडे दिलं. 1 एप्रिल 1937 ला ते भारतापासून तुटून स्वतंत्र ब्रिटिश वसाहत झालं आणि गलबताचं चित्र असलेली त्याची स्वतःची तिकिटं आली. किमती मात्र आणे-रुपयांतच! 1951 मध्ये शिलिंग आलं, तेव्हा आधीच्या मालिकेच्या तिकिटांवर नव्या किमती छापून वेळ निभावली. मधल्या काळात, 1942 पासून, हद्रमौतच्या (एडनच्या पूर्वेकडचा प्रदेश) कथिरी आणि कुऐती सुलतानांची वेगळी तिकिटंही निघाली. यांतल्या कुऐती घराण्याचे पूर्वज हैदराबादला निजामाच्या अरब फौजेत जमादार होते.

आता तुमच्या तिकिटाकडे. गोल शिक्क्यात 'एडन', 'एडन कॅम्प' (म्हणजे क्रेटर या एडनच्या जुन्या भागातली वस्ती) किंवा 'स्टीमर पॉइंट' (बंदराकडचा भाग) यांपैकी काय आहे ते भिंगातून नीट वाचा. आडव्या रेघांमध्ये 124 हा आकडा दिसला तर तोही एडनचाच, आणि जास्त जुना. अर्ध्या आण्याची ही तिकिटं प्रचंड संख्येने छापली गेली, त्यामुळे नुसत्या तिकिटाला फार मोल नाही. जी काही किंमत येईल ती शिक्क्याची. तिकीट अजून पाकिटावर असेल तर कृपा करून पाण्यात घालून सोडवू नका. पाकिटाच्या मागे मुंबईचा किंवा समुद्री पोस्टाचा शिक्का असू शकतो, आणि तो असला तर पत्र कोणत्या तारखेला कुठे होतं ते सरळ वाचता येतं.