बीएलच्या (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने माल घेतल्याचा कागद) मागे लंडन कोर्ट लिहिलंय, केस नाशिकला टाकता येईल का?

तुमचा रीफर (थंड कंटेनर) न्हावा शेवाहून रॉटरडॅमला गेला, वाटेत टेंपरेचर वर गेलं, द्राक्षं मऊ पडली, बायरने पेमेंट कापलं आणि वकील म्हणतायत माल नाशिकचा आहे तर केस इथेच टाकू. माझं ऐका, हे करू नका.

बीएलच्या मागच्या बारीक अक्षरातल्या अटी कोणी वाचत नाही, सहीही आपण करत नाही, तरी त्या आपल्याला लागू होतात. जहाज कंपन्यांपैकी मर्स्क, एमएससीचं कोर्ट लंडन, सीएमए सीजीएमचं मार्सेय, हापाग लॉइडचं हॅम्बर्ग. अमेरिकेच्या मालाला काहींची वेगळी अट असते. आपलं सुप्रीम कोर्ट १९९० सालीच बोलून गेलंय, पूर्व आफ्रिकेतून कोचीनला काजू आला, पोती कमी भरली, केरळच्या व्यापाऱ्याने कोचीनला दावा लावला, पण बीएलवर इंग्लंडचं कोर्ट होतं म्हणून कोचीनच्या कोर्टाला अधिकारच नाही असा निकाल लागला. ऑस्ट्रेलियाने तिथल्या व्यापाऱ्यांसाठी कायदाच केलाय की अशी अट घालून तिथल्या कोर्टाचा अधिकार काढून घेता येणार नाही, आपल्याकडे ते संरक्षण नाही आणि मला ते फार खटकतं, कारण एका कंटेनरच्या क्लेमसाठी लंडनचा वकील आपल्या एक्सपोर्टरला परवडणार कसा?

पण खरा धोका तारखेचा आहे. डिलिव्हरीपासून एक वर्षात दावा लागला पाहिजे, आपला समुद्री मालवाहतुकीचा १९२५ चा जुना कायदा घ्या नाहीतर त्याच्या जागी आलेला २०२५ चा. नाशिकला दावा लावून बसलात, दोन वर्षांनी कोर्ट म्हणालं लंडनला जा, तर तोवर तिकडची मुदत संपलेली, चुकीच्या कोर्टात घालवलेला वेळ तिकडे धरत नाहीत. म्हणून आजच मेल टाकून टाइम एक्स्टेन्शन, म्हणजे दाव्याची मुदत वाढवून मागा. लाइनच्या (जहाज कंपनीच्या) इथल्या एजंटचं नुसतं 'नोटेड' चालणार नाही, बीएलवर जो कॅरियर (माल नेणारी कंपनी) आहे त्याच्या वतीने लेखी यायला पाहिजे. बऱ्याचदा देतात, कारण त्यांनाही लगेच कोर्ट नको असतं.

बीएल फॉरवर्डरचं (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या मधल्या कंपनीचं) हाऊस बीएल, म्हणजे त्याने स्वतः दिलेलं, आहे का तेही बघा, असेल तर तुमचा करार फॉरवर्डरशी आणि कोर्टही त्या कागदावरचं. इन्शुरन्स असेल तर कंपनीला लगेच कळवा, त्यांनी पैसे दिले की लाइनच्या मागे तेच लागतील.

रक्कम मोठी असेल तर जहाज भारतात आल्यावर हायकोर्टाकडून अटकवून सिक्युरिटी मागायचा मार्ग आहे. १९९२ च्या 'एमव्ही एलिझाबेथ' प्रकरणात वास्कोच्या कंपनीचा माल मार्मागोव्याहून गेलेला, जहाजवाल्यांनी बीएल न घेताच तो समोरच्याला दिला, जहाज विशाखापट्टणमला अटकवलं आणि सुप्रीम कोर्टाने ते बरोबर ठरवलं. आता अशा जहाजांवरच्या दाव्यांसाठी २०१७ चा ॲडमिरल्टी कायदाही आहे. पण एका कंटेनरसाठी तो खर्च निघत नाही.

तुमच्या केसमध्ये लॉगरचा (कंटेनरमधलं टेंपरेचर नोंदवणाऱ्या यंत्राचा) डेटा, पॅकहाऊसचं प्रीकूलिंग रेकॉर्ड आणि रॉटरडॅमचा सर्व्हे रिपोर्ट आत्ताच गोळा करा, आणि बीएलची मागची बाजू स्कॅन करून इथे टाका, नाव-नंबर झाकून, म्हणजे नक्की कुठलं कोर्ट ते बघून सांगतो.